गणू मोरे यांचा फेटा घेऊन कुडपणला

भाऊच्या धक्क्यावरून धरमतरची लाँच सुटली तेव्हा माझ्या काखेत छत्री होती आणि मांडीवर पुठ्ठ्याची एक पेटी. पेटीत जरीचा फेटा होता. फेटा माझा नव्हे. आमच्या गिरणीच्या शेटजींनी तो गणू मोरे याच्यासाठी पाठवला होता, आणि गणू मोरे कुणाला न सांगता आपल्या गावी, कुडपणला, निघून गेला होता. त्याला फेटा बांधायचा आणि शनिवारच्या आत मुंबईला आणून गोलात उभा करायचा, एवढ्यासाठीच हा प्रवास. मला देशाटनाची हौस मुळीच नाही, हे वाचकांनी आधीच समजून घ्यावं.

मी परळच्या एका गिरणीत कारकून आहे आणि तिथल्या फुटबॉल संघाचा चिटणीस. गिरणीचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात आमची अब्रू फारशी शिल्लक राहत नाही. मुंबईत पावसाळाभर लीग चालते. गोऱ्या पलटणी, रेल्वे, गोदी, गिरण्या, सगळ्यांचे संघ तिच्यात असतात. म्हणायला सगळे हौशी. पण पाय चांगला चालणारा माणूस दिसला की गिरणीवाले त्याला खात्यात चिकटवून घेतात. सकाळी साच्यावर (मागावर), दुपारी मैदानावर. पगार खेळाचा आणि नाव साच्याचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कोणी बोलत नाही. त्या वर्षी आमचा अनवाणी संघ लीगमध्ये सगळ्यांच्या वर होता आणि शेवटचा एकच सामना उरला होता. तो बरोबरीत सुटला तरी लीग आमची.

आम्ही वर आलो त्याची कारणं दोन. एक मी, दुसरा गणू. माझी कामगिरी अशी की, हंगामाच्या मध्यावर एका दुसऱ्या गिरणीनं एकाच्या नावावर दुसराच माणूस खेळवला, ते मी पकडलं. कमिटीपुढे उभं राहून असं भाषण ठोकलं की गोरे अध्यक्षसुद्धा पाइप विझवून ऐकत बसले. ज्याचं नाव त्याचाच पाय मैदानावर पडला पाहिजे, असं मी म्हणालो होतो. त्या गिरणीचे सगळे पॉइंट कापले गेले.

गणूची कामगिरी त्याहून मोठी. ज्येष्ठात तो बरा गोलकीपर होता, बरा म्हणजे बराच, त्याहून जास्त नाही. आषाढात लावणीसाठी रजा घेऊन गावी गेला आणि परत आला तो विजेसारखा. कुठल्याही कोपऱ्यात बॉल जावो, याचे हात तिथं आधी हजर. मी सगळ्यांना सांगत सुटलो की ही डोंगरातल्या हवेची आणि नाचणीच्या भाकरीची करामत आहे. एवढ्यावर न थांबता मी सबंध संघाला नाचणीची भाकरी चालू केली. आमचा सेंटर फॉरवर्ड भाकरी बघितली की तोंड फिरवायचा, पण मी सोडलं नाही.

गेल्या शनिवारी तर कहर झाला. समोर गोरी पलटण, सामना संपत आलेला, आणि रेफरीनं आमच्यावर पेनल्टी दिली. पलटणीच्या कप्तानानं बॉल असा हाणला की मी डोळेच मिटून घेतले. उघडले तेव्हा बॉल गणूच्या छातीशी होता. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं, गणू गणू करून मैदान डोक्यावर घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या खोलीवर गेलो तर वळकटीसकट गडी गायब. खोलीतले म्हणाले, गावी गेला, काही बोलला नाही.

धरमतरला उतरून मोटारीत बसलो. माझ्या शेजारी एक बाई कोंबड्यांची डालगी घेऊन बसल्या होत्या. नागोठणं, कोलाड, माणगाव करत मोटार चालली होती, रस्त्याला दोन्ही अंगांनी भात पोटरीला आलेलं, आणि मला त्यातलं काही दिसत नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे मोकळा गोल. मध्ये एका ओढ्यात मोटार रुतली. उतारूंनी उतरून ढकलली, मीही ढकलली, आणि माझा एक पंपशू चिखलानं गिळला तो गिळलाच. ड्रायव्हर म्हणाला की त्या जागी दर आठवड्याला एक तरी जोडा जातो. ही माहिती त्यानं आधी द्यायला काय हरकत होती?

महाडला अण्णाकडे उतरलो. अण्णा माझा कॉलेजातला मित्र, इथं वकिली करतो. एक पाय अनवाणी, धोतर चिखलानं माखलेलं, काखेत जरीच्या फेट्याची पेटी, अशा थाटात मला दारात बघून त्यानं आधी पोटभर हसून घेतलं आणि मग आत घेतलं. वहिनींनी तांदळाची ऊनऊन भाकरी, कुळथाचं पिठलं आणि सुक्या जवळ्याची चटणी वाढली. अण्णानं मला आपल्या जुन्या वहाणा दिल्या आणि सांगितलं की अंग एवढं आंबलं आहे तर सकाळी सवेला जाऊन ऊन पाण्यात बसू, मग तिथून तू पोलादपूरची वाट धर.

सव हे महाडजवळचं सावित्रीकाठचं गाव. तिथं गरम पाण्याचे झरे आहेत. सांधे धरलेले, पाय मुरगळलेले, वातानं बेजार झालेले असे लोक लांबून येऊन त्या कुंडात बसतात. गंधकाचा वास नाकात बसला की निघत नाही, पण पाणी मोठं गुणाचं. मी गळ्यापर्यंत बुडून बसलो आणि हंगाम सुरू झाल्यापासून पहिल्यांदा जरा बरं वाटलं. ते सुख चिलीम भरण्याइतकाही वेळ टिकलं नाही.

शेजारी पोलादपूरचे एक वाणी गुडघे शेकत बसले होते. कुठले, कुठं निघालात, असं विचारणं झालं. मी सांगितलं की कुडपणच्या मोऱ्यांकडे निघालोय, त्यांच्या घरातला माणूस मुंबईला आमच्या गिरणीत बॉल अडवतो, त्याला न्यायला आलोय. वाण्यांनी माझ्याकडे जरा विचित्र बघितलं.

"बॉल खेळणारा? भुवईवर खोक आहे तो?"

मी म्हटलं तोच. ज्येष्ठात आमच्याच सामन्यात एका गोऱ्याचा बूट लागून ती खोक पडली होती. टाके घालायला मीच त्याला डॉक्टरकडे नेला होता.

"अहो, त्याला कसला नेताय? त्याचा गुडघा गेलाय लावणीच्या चिखलात. सबंध श्रावण इथंच होता माझ्याजवळ बसून. परवा परवा वर गेला, तोही काठी टेकत."

वाचकहो, त्या कढत पाण्यात मला हुडहुडी भरली. श्रावणभर? श्रावणातल्या प्रत्येक शनिवारी तो माझ्या डोळ्यांदेखत गोलात उभा होता! मी वाण्यांना दोन-तीनदा खोदून विचारलं. ते चिडले आणि म्हणाले, मी काय खोटं बोलतोय? सवेचा पुजारीही म्हणाला की होता, खोकवाला होता, गुडघा लोट्याएवढा सुजला होता. अण्णा वकिली आवाजात म्हणाला की एक माणूस दोन ठिकाणी असू शकत नाही, तेव्हा एक तर हे खोटं बोलतायत नाही तर तू. मी त्याला गप्प बसायला सांगितलं. मला एक गोष्ट आठवत होती. लावणीहून परत आल्यापासून गणू कपाळाला रुमाल बांधायचा, अगदी भुवया झाकून. खोक दिसू नये म्हणून लाजतोय, असं मी धरून चाललो होतो.

अण्णा सवेहून मागे फिरला आणि मी पोलादपूरची वाट धरली. पोलादपूरला बाजारात चहा घेतला. चहावाल्यानं कुडपणला जाणारा एक गडी गाठून दिला. त्याची बैलगाडी गेली तिथवर गाडीनं, मग पायी. चढ असा की छाती फुटते का राहते. दोन्ही बाजूंना तेरडा आणि सोनकी फुललेली, कड्यांवरून पाण्याच्या धारा, मध्येच ढग येऊन वाटच पुसून टाकी. गडी पुढून हाका मारत होता आणि मी मागून चरफडत होतो. एरवी कुणी हे सगळं फुकट दाखवलं असतं तर मीही वा वा म्हटलं असतं. पण माझं सगळं लक्ष एका कपाळाकडे लागलं होतं.

वर आलो की एकदम सपाट माळ लागतो. कुडपण तिथं आहे. वरकसावर (भात होत नाही अशा उताराच्या जमिनीवर) नाचणी आणि वरी उभी होती, खाली खाचरांत भात. मोऱ्यांचा कोंड (वाडी) जरा बाजूला. त्यांच्या अंगणात पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. मी दमलोही होतो आणि रागही होता, म्हणून मी ठरवून ठेवलं तसं एका दमात बोललो. मुंबईहून शेटजींनी गणू मोरे यांना मानाचा फेटा पाठवलाय, गणू मोरे कुठे आहेत, त्यांनी पुढे यावं.

पडवीतून एक म्हातारा उठला. तोंडात दात नाहीत, अंगात बंडी, कमरेत बाक. तो सावकाश माझ्यापुढे आला, डोक्यावरचं मुंडासं काढून बगलेत घेतलं आणि डोकं पुढे करून उभा राहिला.

मी म्हटलं, बाबा, तुम्ही नव्हे. गणू मोरे.

"म्याच की. गणू मोरे म्याच."

मला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. पण आतून काठी टेकत एक जण बाहेर आला. तो माझा गणू. भुवईवर खोक, गुडघ्याला पाल्याचा लेप. मला बघून तो खांबाला धरून उभा राहिला तो हललाच नाही. इतक्यात मागल्या वाटेनं डोक्यावर गवताचा भारा घेऊन आणखी एक गणू अंगणात आला. तेच नाक, तोच जबडा, तेच लांब हात. भारा टाकला आणि कपाळ पुसलं. कपाळावर साधा ओरखडासुद्धा नव्हता. माझे डोळे पांढरे झाले आणि मी फेट्याच्या पेटीसकट अंगणातल्या उखळावर बसलो.

त्यांच्या आईनं मला पाणी दिलं, ताक दिलं, आणि मग अगदी सहज, पाऊसपाण्याचं बोलावं तसं सगळं सांगितलं. खोकवाला तिचा थोरला, विठू. गवतवाला धाकटा, धाकू. म्हातारा तिचा थोरला दीर, आणि गणू हे नाव त्याचं. तरुणपणी तो मुंबईला गिरणीत लागला तेव्हा त्याला पितळेचा बिल्ला मिळाला. पुढे तो थकला तेव्हा त्याचा भाऊ, म्हणजे हिचा नवरा, तोच बिल्ला घेऊन कामाला गेला. नवरा वारला. मग विठू जाऊ लागला, कधी विठूला शेतात काम असलं की धाकू. ज्याच्या हातात बिल्ला तो मुंबईत गणू.

"नाव घराचं हाय, भाऊसायेब," ती म्हणाली. "ज्याला सवड तो जातो. गिरनीला काय, हात पायजेत."

सगळे मला भाऊसाहेब म्हणतात, ते तिलाही ठाऊक होतं. तिच्या बोलण्यात लपवाछपवी अशी नव्हतीच. गिरणीत हे चालतं, मलाही ठाऊक होतं. रजेवर जाणारा आपल्या जागी भावाला उभा करतो आणि मुकादम डोळेझाक करतो. पण बॉलसुद्धा तसाच अडवायचा असतो, असं या लोकांनी सरळ धरलं होतं! लावणीत विठूचा गुडघा गेला, घरात दुसरा गणू होताच, तो गेला. ज्या माणसाचं नाव मी लीगमध्ये घातलं होतं तो आता वाकलेल्या कमरेनं माझ्यासमोर फेट्याची वाट बघत उभा होता. त्या दुसऱ्या गिरणीनं एक खोटा माणूस खेळवला होता. मी सबंध हंगाम दोन खेळवले होते, आणि एकही गणू नव्हता.

फेटा मी म्हाताऱ्याला बांधला. दुसऱ्या कुणाला बांधणार? नाव त्याचं. मुंबईहून येणारे चाकरमानी त्याला सांगायचे की गणू मोऱ्याचं नाव मैदानावर गाजतंय, आणि म्हातारा ते सगळ्या कोंडाला सांगत फिरायचा. फेटा बांधून झाल्यावर त्यानं माझ्याकडे बघून विचारलं, "शनिवारी म्या कसा खेळलो?" मी पेटीचं झाकण लावत बसलो. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

जेवणं लवकर झाली. नाचणीची भाकरी होती. मी ती मुकाट्यानं खाल्ली. मग धाकूला पडवीत समोर बसवलं. तो एवढा तयार कसा झाला, ते मला आधी जाणून घ्यायचं होतं. त्यात काही मोठं गूढ नव्हतं. भात कापल्यावर उडवी (पेंढ्यांची उंच रास) रचतात, तेव्हा खालून एक जण पेंढ्या फेकतो आणि वरचा झेलतो. धाकू मिसरूड फुटायच्या आधीपासून वर उभा राहतोय. पेंढी कशीही येवो, सोडायची नाही, नाही तर खालचा शिव्या घालतो. मी डोंगरातल्या हवेचं काय काय पुराण लोकांना ऐकवलं होतं ते आठवून मला स्वतःचीच कीव आली.

मग मी मुद्द्यावर आलो. झालं ते झालं, म्हटलं. एक शनिवार राहिलाय. रुमाल बांध, चल, उभा राहा. लीग आली की पुढच्या वर्षी तुझं नाव घालतो, माझा शब्द. धाकू बराच वेळ नखानं जमीन उकरत बसला.

"भाऊसायेब, पेनल्टी कुनी अडवली?"

मी म्हटलं, तू.

"मंग मानसं कुनाचं नाव घेत व्हती? मला खांद्यावर घेतलं आन् काकाच्या नावानं वरडली. म्या ह्या वक्ताला गनू म्हनून उभा ऱ्हानार नाय. धाकू म्हना, आत्ता येतो. नायतर नाय येत."

एवढ्यासाठी तो पळाला होता! मी तडकलो. चांगला आवाज चढवून त्याला सांगितलं की तुझं नाव बाहेर पडलं तर वर्षभराचे सगळे पॉइंट जातील, लीग जाईल, गिरणी गणू मोऱ्याचं नाव काढून टाकेल, हा बिल्ला जाईल, मग खा तुझं नाव भाकरीबरोबर. बिल्ला देवाच्या फळीखाली खिळ्याला टांगलेला होता. बिल्ल्याचं नाव काढताच त्याची आई उठून उभी राहिली. त्या एका बिल्ल्यावर घरात मीठ-मिरची येत होती, इतकी वर्षं. ती धाकूला म्हणाली, "तुझ्या नावानं काय होतंय रे? जा मुकाट." विठू खाली मान घालून गुडघा चोळत होता. पण धाकू हलतो कशाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायलाही त्यानं हात उचलला नाही. मला अजून राग होता, पण तो नेमका कुणावर हे मला सांगता आलं नसतं.

रात्री मी दुसराच हिशेब मांडला. धाकूला इथंच सोडायचं, गणू आजारी आहे म्हणून सांगायचं आणि आमच्या राखीव गोलकीपरला उभं करायचं. त्याच्या हातात पापडसुद्धा टिकत नाही, पण बरोबरी नशिबानंही होते. कुडपण मुंबईपासून लांब आहे. कोण येणार होतं इथं विचारायला? हे ठरवून मला झोप लागली, आणि छान लागली.

सकाळी निघताना अंगणात सगळे जमले. म्हातारा आंघोळ करून, फेटा बांधून तयार होता. मी नमस्कार करायला वाकलो तर त्यानं मला थांबवलं, आत गेला, देवाच्या फळीखालचा बिल्ला काढला आणि माझ्या हातावर ठेवला.

"ह्यो बिल्ला माझा. नाव माझं. म्या ते आता परत घेतो. पोराला त्याच्या नावानं न्या."

आई तोंडाला पदर लावून चुलीकडे गेली. बिल्ला घासून घासून इतका गुळगुळीत झाला होता की आकडा जेमतेम दिसत होता. तो हातात घेऊन मी खुळ्यासारखा उभा राहिलो. चिटणीस मी, कमिटीपुढे भाषणं मी ठोकली, आणि हा म्हातारा घरातली एकुलती एक नोकरी माझ्या हातावर ठेवून स्वतःचं नाव मागत होता.

"तेवढं सांगून जा," तो म्हणाला. "शनिवारी म्या कसा खेळलो?"

मग मी सांगितलं, त्या वेळी माझे डोळे मिटलेले होते तरी. सगळ्या अंगणादेखत सांगितलं. म्हटलं, गणूबाबा, गोऱ्यांच्या कप्तानानं बॉल ठेवला. तुम्ही त्याच्या पायाकडे नाही, डोळ्यांकडे बघत होतात. त्यानं हाणला तो तुमच्या उजव्या अंगाला, जमिनीलगत. तुम्ही आडवे झेपावलात आणि पेंढी घ्यावी तसा छातीशी घेतलात. लोकांनी तुम्हाला खांद्यावर घेतलं, पार फाटकापर्यंत. म्हातारा तोंड उघडं टाकून ऐकत होता, आणि त्याच्यामागे उभा असलेला धाकूही.

उतरताना माझी पिशवी धाकूनं घेतली. पोलादपूरला चहा झाला, महाडला अण्णाकडे भाकरी बांधून घेतली, मोटार या वेळी रुतली नाही. जाताना जे दिसलं नव्हतं ते येताना दिसलं. भाताचा वाससुद्धा आला. लाँचमध्ये बसल्यावर धाकूनं विचारलं की पॉइंट सगळे जातील का. मी म्हटलं, सगळे.

"मंग तुमी कशाला सांगताय?"

मी त्याला गप बस म्हटलं. ज्यानं आपलं नाव परत घेतलं त्याच्या नावावरचे पॉइंट मी कुठल्या तोंडानं ठेवून घेणार होतो? पण हे त्याला समजावत बसायची माझी इच्छा नव्हती.

कमिटीत मी सगळं सांगितलं. गोऱ्या अध्यक्षांनी पाइप विझवला आणि माझंच वाक्य मला ऐकवलं, ज्याचं नाव त्याचाच पाय. सगळे पॉइंट कापले गेले. सकाळी आम्ही सगळ्यांच्या वर होतो, संध्याकाळी तळाला. शेवटच्या सामन्याला काही अर्थ उरला नाही, म्हणून धाकूला त्याच्या नावानं खेळायची परवानगी मिळाली. शेटजींनी मला बोलावून एकच प्रश्न विचारला, फेटा परत आणला का? मी म्हटलं, नाही, गणू मोऱ्यांना पोचवला. बिल्ला गिरणीनं जमा करून घेतला. धाकू तेव्हापासून रोज पहाटे बदलीवाल्यांच्या घोळक्यात फाटकाशी उभा राहतो. काम मिळतं तेव्हा मिळतं, पण मुकादम हाक मारतो ती धाकू मोरे अशी. गिरणीतले बरेच जण अजून माझ्याशी बोलत नाहीत. आमच्या सेंटर फॉरवर्डची नाचणीची भाकरी मात्र सुटली.

शनिवारी मैदानावर गर्दी थोडीच होती आणि जी होती ती चिडलेली. धाकू बोडक्या कपाळानं गोलात उभा राहिला. त्यानं काय काय अडवलं ते सांगायला वेगळं बसावं लागेल. चिडलेले लोकही हळूहळू वितळले, आणि सवय ती सवय, गणू गणू असा गलका सुरू झाला. धाकू वळून बघेना. सामना संपायला आला होता, गोल कुणाचाच नव्हता. मला राहवेना. मी रेषेवर धावत गेलो आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो, "धाकू!"

त्यानं चटकन माझ्याकडे वळून बघितलं. आणि बॉल त्याच्या कानाशेजारून जाळ्यात गेला.

मी कपाळाला हात लावला. धाकूनं जाळ्यातला बॉल काढला, काखेत धरला आणि माझ्याकडे बघून इतका हसला, इतका हसला की रेफरीला शिट्टी दोनदा वाजवावी लागली. मी इतके हंगाम बघितले, गोल खाऊन हसणारा गोलकीपर बघितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पोलादपूरचा एक गडी गावी निघाला होता. कुडपणच्या म्हाताऱ्याला काय सांगू, म्हणून तो विचारायला आला. मी म्हटलं, फेटेवाल्या गणूबाबांना सांग, तुमच्या नावावर डाग नाही. तो गोल धाकूनं खाल्ला.